टाच टेकली का?

घोटा वाकत नसेल तर त्याला जबरदस्तीनं वाकवायचं, की त्याच्यापुरती जमीनच थोडी वर उचलायची? इंजिनीअरिंगच्या एका फसलेल्या प्रोजेक्टमधून उमगलेलं पायाचं गणित.

आधी एक छोटीशी टेस्ट. मोबाइल बाजूला ठेवा, चपला काढा आणि दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा. टाचा जमिनीला टेकलेल्याच राहिल्या? मस्त. टाचा उचलल्या गेल्या किंवा धपकन मागे पडायला झालं? घाबरू नका, तुमच्यासारखे बरेच जण असतात. आता दुसरी टेस्ट. भिंतीसमोर उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकला, तर तुमचा घोटा बऱ्यापैकी वाकतोय.

दोन्ही टेस्टमध्ये घडतं एकच. पाऊल जागच्या जागी राहतं आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. चालताना प्रत्येक पावलाला आपण हे करतो, पण दिवसभरात एकदाही ते जाणवत नाही. मलाही जाणवलं नसतं, मामांचा अपघात झाला नसता तर.

घोटा मामांचा, प्रोजेक्ट माझा

माझे मामा एसटीत कंडक्टर आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसात त्यांची टू-व्हीलर घसरली आणि उजवा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले, प्लास्टर निघालं. एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसलं. घोटा मात्र पूर्वीसारखा वाकेना. फिजिओथेरपीचे सगळे व्यायाम मामांनी नेमानं केले. काही महिने फरक पडत गेला आणि मग एका जागी सगळं थांबलं.

मामा कामावर रुजू झाले. पण ड्युटीवरून आले की पाय बादलीत घालून बसायचे. गंमत म्हणजे तक्रार घोट्याची नव्हतीच. ‘‘घोटा न्हाई गं दुखत, गुडघा दुखतोय. आणि चवड्याला निखारा लावल्यागत होतंय,’’ असं म्हणायचे. एकदा जेवता जेवता सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘चालत्या गाडीत उभंच राहता येईना, तर कंडक्टरकी कसली करायची?’’ मामी काही बोलली नाही. भाकरी वाढून आत गेली.

नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, जमेल असं दुसरं काम त्याच वेतनश्रेणीत द्यावं लागतं, हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ते मी नंतर वाचलं. पण मामांना टेबलामागचं काम नकोच होतं. त्यांना गाडीत उभं राहायचं होतं.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मिनी प्रोजेक्टला विषय शोधत होते. म्हटलं, विषय तर घरातच आहे! मामांसाठी थ्रीडी प्रिंटेड ऑर्थोसिस करायचं.

इथं दोन शब्द समजून घेऊ, कारण माझाही आधी गोंधळ व्हायचा. नसलेल्या अवयवाच्या जागी बसवतात ते प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम पाय, कृत्रिम हात. असलेल्या अवयवाला आधार, दिशा किंवा संरक्षण देतं ते ऑर्थोसिस. त्यात बुटात घालायचा साधा इनसोल येतो आणि पोटरीपासून पावलापर्यंतचा प्लास्टिकचा स्प्लिंटही येतो. या स्प्लिंटला एएफओ, म्हणजे अँकल-फूट ऑर्थोसिस म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं सरसकट ‘कॅलिपर’ म्हणतात.

मी फोनवरच्या ॲपनं मामांचा पाय स्कॅन केला. स्कॅनमध्ये पाऊल किंचित खाली झुकलेलं दिसत होतं. मी ते सॉफ्टवेअरमध्ये ‘दुरुस्त’ केलं. पाऊल आणि नडगी यांच्यात बरोब्बर ९० अंश. वजन कमी करायला जाळीदार डिझाइन टाकलं, निळा रंग निवडला, रात्रभर प्रिंटर चालवला. प्रेझेंटेशनला टाळ्या पडल्या आणि ग्रेडही चांगली मिळाली.

मामांनी तो स्प्लिंट घातला आणि चाळीस मिनिटांत काढला. ‘‘आत टाच टेकतच न्हाई बघ,’’ म्हणाले. मला वाटलं पट्टा सैल आहे, म्हणून मी तो आवळला. भाचीनं एवढं केलंय म्हणून दुसऱ्या दिवशी मामा तो घालून ड्युटीवर गेले. संध्याकाळी पावलावर पट्ट्याचा लाल वळ होता आणि टाचेमागं टपोरा फोड.

‘आधी बूट दाखवा’

फोड बरा झाल्यावर आम्ही एका हॉस्पिटलच्या ऑर्थोटिक वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या सरांची या कामात हयात गेलेली. मी मोठ्या हौसेनं माझा निळा स्प्लिंट टेबलावर ठेवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, ‘‘छान आहे. रोज वापरायचे जुने बूट आणलेत का?’’

मामांच्या पायातलेच बूट त्यांनी काढून उलटे केले. डाव्या बुटाची टाच मागून झिजलेली, जशी सगळ्यांची झिजते. उजव्याची टाच मात्र दुकानातून आणल्यासारखी नवीकोरी! आणि चवड्याखालचा सोल इतका झिजलेला की आतलं अस्तर दिसत होतं. सर म्हणाले, ‘‘हा माणूस उजव्या पायानं टाच टेकवून चाललेलाच नाही. एवढा वेळ सगळं वजन चवड्यावर.’’ स्कॅनरनं मला जे सांगितलं नव्हतं, ते बुटानं दोन मिनिटांत सांगितलं.

मग त्यांनी गोनिओमीटर काढला. दोन पट्ट्या जोडलेला कोनमापकच तो. मामांचा घोटा जास्तीत जास्त वर ढकलून मोजला. ९८ अंश. म्हणजे काटकोनाला ८ अंश कमी. मग गुडघा वाकवायला लावून पुन्हा मोजला. तेच ९८.

हे दोनदा मोजणं उगाच नव्हतं. पोटरीच्या दोन मुख्य स्नायूंपैकी वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून निघतो आणि खाली टाचेमागच्या जाड कंडरेला मिळतो. तो आखडला असेल, तर गुडघा वाकवल्यावर सैल पडतो आणि घोटा जास्त वाकतो. गुडघा वाकवूनही फरक पडला नाही, तर अडचण खालच्या स्नायूत, कंडरेत किंवा थेट सांध्यात आहे. मामांच्या बाबतीत सरांनी एक्स-रे बघितला, सांधा हातानं तपासला. हाडाला हाड अडत होतं.

‘‘डिझाइनचा पहिला प्रश्न हाच,’’ सर म्हणाले. ‘‘हा कोन बदलणारा आहे की न बदलणारा? स्नायू आखडलेला असेल तर ताण देऊन, टप्प्याटप्प्यानं प्लास्टर बदलून, कधी ऑपरेशननं तो सोडवता येतो. लहान मुलांमध्ये तर आधी तेच बघायचं. पण हाडच अडत असेल, तर तू कितीही पट्टा आवळ. दार बंद आहे आणि तू धक्के मारतेयस.’’

माझ्या पट्टा आवळण्याबद्दल मी त्यांना काहीच बोलले नव्हते. फोडाचा डाग बघून त्यांना कळलं होतं.

एका पावलात तीन झोके

घोटा वाकला नाही तर गुडघा का दुखावा? त्यासाठी एक पाऊल स्लो मोशनमध्ये बघू.

चालण्याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांमध्ये अमेरिकेच्या डॉ. जॅकलिन पेरी यांचं नाव मोठं आहे. त्यांनी पावलाची तुलना डोलखुर्चीच्या वाकड्या पायाशी केली. पाऊल जमिनीवर असताना शरीर त्याच्यावरून तीनदा झोका घेत पुढे जातं. पहिला झोका टाचेवर, पाऊल टेकतं तेव्हा. दुसरा घोट्यावर, पूर्ण पाऊल टेकलेलं असतं आणि नडगी पुढे झुकत जाते तेव्हा. तिसरा चवड्यावर, टाच उचलून पाय पुढे टाकायच्या तयारीत असतो तेव्हा.

मामांचा अडकलेला झोका दुसरा. साध्या चालण्याला घोटा काटकोनाच्या पुढे साधारण १० अंश वाकावा लागतो. टाचा टेकवून उकिडवं बसायला तर याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. मामांचा घोटा काटकोनापर्यंतही येत नव्हता. पण बस तर गाठायचीच आहे, शरीराला पुढे तर जायचंच आहे. मग शरीर जुगाड करतं. टाच लवकर उचलतं. नाहीतर पाऊल बाहेर फिरवून टाकतं. पावलाची कमान मधूनच मोडून थोडा कोन चोरतं. किंवा नडगी पुढे येत नाही म्हणून गुडघाच मागे ढकलतं. गुडघ्याच्या मागच्या बाजूला रोज हजारो वेळा ताण बसतो आणि दुखतो तो गुडघा. बिचारा घोटा नामानिराळा!

अपघातच व्हायला हवा असं नाही. पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीत स्नायू सतत ओढलेले राहतात आणि हळूहळू आखडतात. पोलिओ झालेल्यांमध्ये, जन्मतः पाऊल वळलेल्या मुलांमध्येही घोटा ताठ असू शकतो. जुन्या मधुमेहात सांधे आणि कंडरा कडक होत जातात, आणि त्यातला धोका वेगळाच आहे. घोटा ताठ म्हणून चवड्यावर दाब वाढतो आणि पायाला संवेदना नसल्यानं तो दाब कळतच नाही. मामांना चवड्यात निखारा जाणवत होता. मधुमेह्याला तोही जाणवत नाही, थेट जखमच दिसते. म्हणून घरात कोणाला जुना मधुमेह असेल, तर यूट्यूब बघून घरच्या घरी इनसोल बनवण्याचे प्रयोग त्यांच्या पायावर अजिबात करू नका.

बधिर पायांचं हे दुखणं ओळखण्यात भारताचा मोठा वाटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केलं. पाय आजारानं झडत नाहीत, वेदना कळत नसल्यानं पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबानं त्यांना जखमा होतात, हे त्यांनी दाखवलं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आपल्या सरकारी दवाखान्यांतून आजही दिल्या जातात. त्यांच्यामागं हाच विचार आहे.

नव्वदचा मोह

आता माझ्या निळ्या स्प्लिंटची शवचिकित्सा करू. बारावीतलं त्रिकोणमिती पुरे.

मामांच्या टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर साधारण १७ सेंटिमीटर. पाऊल काटकोनापेक्षा ८ अंश खाली. ८ अंशांचं टॅन काढलं तर येतं ०.१४. त्याला १७ नं गुणलं की झाले जवळपास २.४ सेंटिमीटर. म्हणजे माझ्या ९० अंशांच्या स्प्लिंटमध्ये मामांची टाच अडीच सेंटिमीटरच्या आसपास हवेत लोंबकळत होती. पट्टा आवळून मी ती खाली खेचायला बघत होते. पावलागणिक टाच आत वरखाली घासली आणि फोड आला. मापं अगदी अचूक होती, फक्त ती मामांच्या पायाची नव्हती. मी पाय कसा ‘असावा’ याचा स्प्लिंट बनवला होता.

सर म्हणाले, ‘‘नवीन पोरं आली की नव्वदचा मोह सगळ्यांना होतो. कागदावर काटकोन बरा दिसतो ना!’’

मग करायचं काय? कोन आहे तसा मान्य करायचा आणि टाचेखाली जी पोकळी राहते ती पाचर घालून भरायची. जमीनच वर आणायची. घोटा ९८ अंशांतच राहतो, पण टाचेला आधार मिळतो, वजन पूर्ण पावलावर पसरतं आणि नडगी मागे न झुकता सरळ उभी राहते.

म्हणजे इथं कोन दोन आहेत आणि मी ते एकच धरले होते. एक, पाऊल आणि नडगी यांच्यातला. दुसरा, नडगी आणि जमिनीवरची उभी रेषा यांच्यातला. पहिला घोट्याच्या मर्यादेनं ठरतो. दुसरा आपण टाचेची उंची कमी-जास्त करून ठरवू शकतो. इलेन ओवेन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनं सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसोबत काम करताना यावर खूप भर दिला. स्प्लिंटमधला कोन कुठलाही असो, बूट घालून उभं राहिल्यावर नडगी साधारण १० ते १२ अंश पुढे झुकलेली असेल तर उभं राहणं आणि चालणं सुधारतं, असा त्यांचा अनुभव. आणि म्हणून स्प्लिंट एकटा कधीच तपासायचा नाही, बुटासकट तपासायचा. बूट बदलला, टाचेची उंची बदलली, की सगळं गणित बदललं.

बिजागरी कधी नको?

मी सरांना विचारलं, ‘‘मग घोट्यापाशी बिजागरी असलेला स्प्लिंट का नाही द्यायचा? हालचाल तरी होईल.’’ मला वाटलं, फार हुशार प्रश्न विचारला.

पक्षाघातानंतर नुसतं पाऊल लुळं पडलं असेल, घोटा मात्र मोकळा वाकत असेल, तर बिजागरी किंवा मागे पातळ पट्टी असलेला लवचिक स्प्लिंट छान काम करतो. पाय उचलताना पाऊल लोंबत नाही आणि नडगीला पुढे यायला मोकळीक मिळते. पण वरचा स्नायू आखडलेला असेल, गुडघा सरळ ठेवल्यावर घोटा काटकोनापर्यंत पोचतच नसेल, तर बिजागरी हालणार कशी? तिथं वजन पडलं की घोट्याऐवजी पावलाची कमान मोडते. बाहेरून वाटतं बिजागरी वाकतेय. आत पाऊल सपाट होत जातं. हालचाल द्यायची तर आधी सांध्याकडे ती शिल्लक आहे का हे बघायला हवं. नसेल तर घोट्याला ताठ धरणारा स्प्लिंट, टाचेखाली पाचर आणि बुटाला गोलसर सोल, हे जास्त बरं.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका लहान मुलीच्या पायाचा साचा घेणं चालू होतं. पायावर पातळ मोजा, त्याच्यावर निळ्या पेन्सिलीनं हाडांच्या उंचवट्यांच्या खुणा, मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. पट्ट्या वाळेपर्यंत ऑर्थोटिस्ट मॅडम तिचं पाऊल हातात धरून बसल्या होत्या. सगळं कौशल्य त्या धरण्यात. कोन तिथंच ठरतो. पोकळ साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात. जिथं हाड टोचेल तिथं थर चढवतात, जिथं दाब सोसेल तिथं तासतात. मग भट्टीत तापवून मऊ केलेला पॉलिप्रोपिलीनचा पत्रा त्याच्यावर पांघरतात आणि व्हॅक्यूमनं चिकटवतात.

शेवटचं काम कापण्याचं, आणि तिथंही डिझाइन आहे. कड घोट्याच्या हाडांच्या पुढे ठेवली तर स्प्लिंट ताठ होतो. तीच कड मागे घेत गेलं की लवचिक. एकाच पत्र्यातून, नुसत्या कात्रीच्या रेषेनं, वेगवेगळं वागणारे दोन स्प्लिंट निघतात. माझ्या जाळीदार डिझाइनमध्ये हा विचारच नव्हता. थ्रीडी स्कॅन आणि प्रिंट वाईट आहे असं नाही. माप साठवून ठेवायला, तोच स्प्लिंट पुन्हा बनवायला ते झकास आहे. पण पाऊल कुठल्या कोनात धरायचं हे प्रिंटर सांगत नाही.

घरात बूट कोण घालतं?

परदेशी पुस्तकातला माणूस सकाळी बूट चढवतो आणि रात्री काढतो. आपल्याकडे तो उंबऱ्यात बूट काढतो. देवळात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी. जमिनीवर मांडी घालून जेवण आणि अजूनही बऱ्याच घरांत भारतीय पद्धतीचं संडास. ज्याचा आधार बुटात आहे, तो घरात शिरताच निराधार.

ही अडचण ओळखूनच जयपूर फूट जन्माला आला. १९६०च्या दशकात जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं असं पाऊल बनवलं, जे अनवाणी चालेल, चिखलात चालेल, ज्यावर उकिडवं आणि मांडी घालून बसता येईल. ते प्रोस्थेसिस आहे, ऑर्थोसिस नाही. पण माणूस कसा बसतो, कुठं चालतो हे आधी बघायचं आणि मग साहित्य निवडायचं, हा धडा दोन्हीकडे लागू.

सरांनी मामांना विचारलेले प्रश्नही तसेच होते. ड्युटीत किती वेळ उभं राहता? कशाला धरून? पायरीवर आधी कुठला पाय टाकता? घरी फरशी की शेणाची जमीन? संडास कुठल्या पद्धतीचं? मी मामांच्या घरी लहानपणापासून सुट्ट्या काढल्या, पण प्रोजेक्ट करताना यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मामांना काय मिळालं?

सगळं ऐकून सर म्हणाले, ‘‘यांना स्प्लिंटची गरजच नाही.’’

मी गप्प.

‘‘घोटा आधीच ताठ आहे, दुखत नाही, लचकत नाही. ताठ सांध्याला आणखी ताठ पत्रा कशाला? दुखत असता तर दिला असता. यांच्या पायाखालीच काम आहे.’’

हिशेब असा झाला. पोकळी २.४ सेंटिमीटर. मामांच्या ड्युटीच्या बुटाची टाच मुळातच चवड्यापेक्षा १ सेंटिमीटर उंच होती. राहिले १.४. सगळं बुटाच्या आत भरलं तर टाच बुटातून निसटते. म्हणून ०.८ सेंटिमीटरची घट्ट ईव्हीए फोमची पाचर आत आणि ०.६ बाहेर, सोलमध्ये. टाचेच्या मागच्या कडेला मऊ रबर, म्हणजे पहिला झोका सुसह्य होईल. सोल ताठ आणि पुढे गोलसर, वळण चवड्याच्या किंचित मागून सुरू होणारं. जो झोका घोटा घेऊ शकत नाही, तो सोल घेणार. आणि उजवी बाजू उंच झाली म्हणून डाव्या बुटाच्या पूर्ण सोललाही उंची. ती किती, हे सरांनी पायाखाली पातळ फळ्या सरकवत, मामांच्या कंबरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून ठरवलं.

घरात घालायला तशीच पाचर असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल. ‘घरात चप्पल’ म्हटल्यावर मामींच्या कपाळावर आठी पडली. शेवटी तडजोड झाली, देवघर सोडून.

सगळं ठीक झालं असं म्हणणार नाही. मामांना आजही उकिडवं बसता येत नाही. घाटात गाडी वळताना त्यांना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागतो आणि तिकिटं तेवढ्यापुरती थांबतात. नवे बूट पहिले पंधरा दिवस जड वाटले. पाचर एकदा बदलावी लागली. पण बादलीत पाय घालून बसणं बंद झालं आणि गुडघ्याची तक्रार कमी होत गेली.

या वाटेला जायचं असेल तर

हे सगळं वाचून कुणाला यात रस वाटला, तर बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे बीपीओ, हा पदवी कोर्स आहे. बारावी सायन्सनंतर चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप. फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायो किंवा मॅथ्स, दोन्ही चालतं. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत, कोलकात्यात आणि ओडिशात कटकजवळच्या ओलतपूरला राष्ट्रीय संस्थांमध्ये तो शिकता येतो. पुण्यात सैन्यदलाचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. म्हणजे महाराष्ट्राला हे क्षेत्र नवं नाही, आपल्याला फक्त माहीत नसतं.

आणि इंजिनीअरिंग, डिझाइन किंवा फिजिओथेरपीवाल्यांना याच विषयात प्रोजेक्ट करायचा असेल, तर जरूर करा. फक्त सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एखाद्या ऑर्थोटिस्टला गाठा आणि ज्याच्यासाठी बनवताय त्याच्यासोबत दिवसभर फिरा. माझ्याकडून राहिलं ते हेच.

माझा निळा स्प्लिंट अजून हॉस्टेलच्या कपाटात आहे. गेल्या दिवाळीत मामांकडे गेले होते. ओवाळणं, फराळ सगळं झाल्यावर मामांनी मला अंगणात बोलावलं आणि उजवा बूट उलटा करून माझ्यासमोर धरला.

‘‘बघ,’’ म्हणाले. ‘‘टाच झिजली.’’